डिजिटल इनपुट-आऊटपुट कार्डाचा ड्रायव्हर: फंक्शनं कोणती ठेवावीत?

उद्यमबागकर
नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत आमचं पॅनेलचं लहान वर्कशॉप आहे. जुन्या हायड्रॉलिक प्रेस, फाउंड्रीचे सँड प्लांट यांच्यातलं रिलेचं जंगल काढायचं आणि नवं कंट्रोल बसवायचं, हे काम. आता स्वतःचं कार्ड केलंय. १६ इनपुट, १६ आऊटपुट, सगळं २४ व्होल्टवर. इनपुटला ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल नेऊन सर्किट वेगळं ठेवणारा), आऊटपुटला ट्रान्झिस्टर, त्यापुढं रिले नाहीतर व्हॉल्व्हची कॉइल. कार्डावरचा मायक्रोकंट्रोलर एसपीआय या सिरियल जोडणीवरून लिनक्सच्या बोर्डाशी बोलतो.

हार्डवेअर चालतंय. अडलंय ते ड्रायव्हरच्या इंटरफेसपाशी, म्हणजे वरच्या प्रोग्रॅमला कोणती फंक्शनं द्यायची इथं. सध्या दोनच आहेत: 'बिट वाच' आणि 'बिट लिही'. नंबर द्या, ० किंवा १ मिळेल. नंबर द्या, ० किंवा १ लिहा. आमच्याकडं नुकताच लागलेला व्हीटीयूचा (इथल्या इंजिनिअरिंग विद्यापीठाचा) पोरगा म्हणतो एवढं पुरे. भागीदार म्हणतो सोळाच्या सोळा एकदम वाचता-लिहिता आले पाहिजेत. मला दोघांचंही अर्धंच पटतंय, पण उरलेलं अर्धं कोणतं ते नीट मांडता येत नाही.

एनपीएन सेन्सरचं (चालू झाला की तार शून्याला ओढणाऱ्या) उलटं लॉजिक कुठं सुलटं करायचं, बाउन्स (कॉन्टॅक्ट जुळताना होणारी थरथर) कुणी गाळायचा, प्रोग्रॅम मेला तर आऊटपुटचं काय, हेही ठरत नाही. कार्ड गिऱ्हाइकांकडं गेलं की फंक्शनं बदलणं अवघड, म्हणून आत्ताच विचारतोय.

पॅनेलअण्णा
तयार कंट्रोलर, पीएलसी, घे की मर्दा. कशाला डोकं तापवूलास.

उद्यमबागकर
अण्णा, पहिला प्रतिसाद हाच येणार हे माहीत होतं. :) पीएलसी आम्हीही लावतो. पण गिऱ्हाइकाला प्रत्येक सायकलचा डेटा पाहिजे, स्क्रीन पाहिजे, आणि बजेट मात्र रिलेचंच.

पॅनेलअण्णा
बजेट रिलेचं आणि हौस रॉकेटची. चालू दे.

मलप्रभा
मूळची खानापूरची, सध्या बेंगळुरात एम्बेडेडमध्ये. 'बिट लिही' एकटं ठेवू नका, कारण आत सगळे बिट एकाच रजिस्टरात (चिपमधल्या मेमरीच्या कप्प्यात) राहतात. एक बिट बदलायचा तर ड्रायव्हर जुनी किंमत वाचतो, त्यात एक बिट बदलतो, पूर्ण शब्द परत लिहितो. दोन थ्रेडनी (प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या भागांनी) हे एकाच वेळी केलं तर काय होतं ते किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीवरून समजा. दोघा भावांनी एकच पान पाहून आपापल्या घरी बेरीज केली, आणि नंतर ज्यानं पान लिहिलं त्याचंच खरं ठरलं. पहिल्याची नोंद गायब. तुमच्याकडं गायब होणारी नोंद म्हणजे 'क्लॅम्प सोडू नको' असू शकते.

म्हणून मूळ फंक्शन एकच ठेवा: 'मास्क' आणि 'किंमत'. मास्कमध्ये ज्या जागी १ आहे तेवढेच बिट बदला, बाकीच्यांना हात लावू नका. एक बिट लिहिणं म्हणजे एका बिटाचा मास्क, सोळा लिहिणं म्हणजे सोळा बिटांचा मास्क. तुमचा पोरगा आणि भागीदार दोघंही त्यात बसतात. लिनक्समध्ये डेटा अ‍ॅक्विझिशन कार्डांसाठी कॉमेडी नावाची चौकट आहे. तिच्यात डिजिटल चॅनेलसाठी नेमकं हेच आहे: मास्क द्या, बिट द्या, परत सध्याची स्थिती मिळते.

आणि कुलूप (एका वेळी एकालाच लिहू देणारं) ड्रायव्हरच्या आत ठेवा, वापरणाऱ्याच्या भरवशावर सोडू नका. एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलरमध्ये तर चिपनंच सोय दिली आहे. बीएसआरआर रजिस्टरच्या खालच्या १६ बिटांत १ लिहिलं की पिन सेट, वरच्या १६ बिटांत लिहिलं की रीसेट, शून्यांचा काही परिणाम नाही. वाचावं लागतच नाही.

वडगाव_पेठ
कॉमेडी?! नाव तरी बरं ठेवायचं. ह.घ्या.

मलप्रभा
@वडगाव_पेठ, नावावर जाऊ नका. २००९ मध्ये कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) स्टेजिंगमध्ये, म्हणजे अजून कच्च्या कोडच्या विभागात, आलं आणि तिथून बाहेर पडायला २०२१ उजाडलं. विनोद तोच आहे.

निप्पाणी_नाका
मलप्रभाताईंशी सहमत, पण मला मुळातच प्रश्न आहे. नवा इंटरफेस हवाच कशाला? लिनक्समध्ये जीपीआयओची, म्हणजे एकेक डिजिटल लाइन वाचण्या-लिहिण्याची, यंत्रणा तयार आहे. कार्डासाठी कर्नलमध्ये जीपीआयओ चिपचा ड्रायव्हर लिहा, १६ लाइन इनपुट, १६ लाइन आऊटपुट म्हणून नोंदवा, झालं. वर लिबजीपीआयओडी ही लायब्ररी वापरा. पायथन, सी, सगळ्याला चालतं.

फक्त इंटरनेटवरचे जुने लेख वाचून सिसएफएसची (/sys खालची) फाइल उघडू-लिहू नका. ती पद्धत ४.८ कर्नलपासून, म्हणजे २०१६ पासून, कालबाह्य म्हणून जाहीर आहे. तिच्यात लाइनचा मालक कोण तेच कळत नाही. प्रोग्रॅम मेला तरी लाइन तशीच उघडी राहते, आणि दुसरा कुणीही येऊन लिहू शकतो. नव्या कॅरेक्टर डिव्हाइसमध्ये (/dev खालच्या फाइलमध्ये) लाइन मागावी लागते. ती कुणाकडं असेल तर दुसऱ्याला 'बिझी' असं उत्तर मिळतं. मालकी हा इंटरफेसचाच भाग आहे, हे तिथून शिकण्यासारखं.

उद्यमबागकर
@निप्पाणी_नाका, हा विचार केला होता. पण मग २४ व्होल्टचा सप्लाय गेला, आऊटपुट ओव्हरलोड झालं, हे कुठून सांगायचं? आणि प्रोग्रॅम बंद पडल्यावर?

निप्पाणी_नाका
ओव्हरलोडला जागा आहे, एरर परत देता येते. बंद पडल्यावरचं मात्र खरं आहे. फाइल बंद झाली की लाइन मोकळी होते, आणि पुढं पिनवर काय राहील याची हमी कर्नल देत नाही. ते तुमच्या ड्रायव्हरनं आणि कार्डानं ठरवायचं.

पॅनेलअण्णा
आता मुद्द्याला आलासा. प्रोग्रॅम मेला तर सगळी आऊटपुट शून्य. एवढं लिहून टाक आणि जेवायला जा.

फर्नेसवाला
अण्णा, आमच्याकडं येऊन असं करू नका हं. मच्छेला फाउंड्री आहे. इंडक्शन फर्नेसच्या कॉइलमधून थंड पाणी फिरतं. कंट्रोल मेलं म्हणून पंपाचं आऊटपुट शून्य केलंत, तर आत वितळलेलं लोखंड आणि बाहेर थांबलेलं पाणी. पॉवर बंद केली तरी पाणी कितीतरी वेळ चालूच ठेवावं लागतं. आमच्यासाठी 'सेफ' म्हणजे हीटिंग शून्य आणि पंप एक. प्रेसवाल्यासाठी रॅमचा व्हॉल्व्ह शून्य, पण क्लॅम्प आहे तसा. सेफ म्हणजे काय हे चॅनेलगणिक वेगळं असतं.

पॅनेलअण्णा
हे बरोबर. पाण्याचं डोक्यात आलं न्हवतं. तरी पंपाला वेगळा फ्लो स्विच आणि हार्डवायर बायपास ठेवा की, एका कार्डाच्या जिवावर कशाला.

फर्नेसवाला
आहेच. आणि वरच्या टाकीचं पाणीही आहे. पण ड्रायव्हरनं उलटं काम करायचं नाही एवढीच अपेक्षा.

मलप्रभा
@फर्नेसवाला, फार महत्त्वाचं. म्हणजे इंटरफेसमध्ये प्रत्येक आऊटपुटला तीन पर्याय हवेत: गडबड झाली की शून्य, एक, किंवा आहे तसंच. हे सुरुवातीलाच कार्डाला सांगायचं आणि कार्डानं स्वतःच्या मेमरीत ठेवायचं. गडबड झाली तेव्हा लिनक्स बोर्ड जिवंत असेलच असं नाही. कार्डावरच्या मायक्रोकंट्रोलरला वॉचडॉग द्या. ठरलेल्या वेळात वरून संदेश आला नाही की तो स्वतःच सेफ स्थितीला जाईल. ड्रायव्हरचा 'बंद करा' कॉल हा त्यातला फक्त सभ्य प्रकार.

जुना_आयएसए
सेफ स्थितीवरून ८२५५ ही जुनी इनपुट-आऊटपुट चिप आठवली. तीन पोर्ट, २४ लाइन. कॉलेजात हेक्स ८२ चा कंट्रोल वर्ड सगळ्यांनी पाठ केला असेल: ए आणि सी आऊटपुट, बी इनपुट. प्रॅक्टिकलच्या व्हायव्हात एक गोष्ट कुणी विचारत नाही: मोड लिहिला की सगळी आऊटपुट रजिस्टरं शून्य होतात. आता पुढं शून्याला ओढणारं रिले मॉड्यूल जोडलंय समजा. प्रोग्रॅमनं पोर्ट 'फक्त तयार' केला, अजून एकही आऊटपुट लिहिलेलं नाही, आणि सगळ्या रिले एकदम खटकन ओढल्या. एका कारखान्यात असा कन्व्हेअर सुरू झालेला पाहिलाय. नशिबानं वर कुणी नव्हतं.

धडा असा: 'दिशा आऊटपुट कर' आणि 'पहिली किंमत लिही' ही दोन वेगळी फंक्शनं ठेवू नका. एकाच कॉलमध्ये दोन्ही. लिनक्सच्या कर्नलमध्ये दिशा आऊटपुट करणारं फंक्शन पहिली किंमत सोबतच मागतं, ते उगाच नाही.

वडगाव_पेठ
माझा प्रश्न वेगळा. आमच्याकडं पॉवरलूम. प्रत्येक मागावर प्रॉक्सिमिटी सेन्सर लावून पिक (आडव्या धाग्याचे फेरे) मोजायचे आहेत. मिनिटाला १२० धरा. 'बिट वाच' सारखं फिरवत ठेवलं तर चालेल का?

मलप्रभा
१२० म्हणजे सेकंदाला दोन. दर १० मिलिसेकंदांनी वाचलंत तरी चालेल, फक्त पल्स वाचण्याच्या अंतरापेक्षा मोठी असली पाहिजे.

फर्नेसवाला
आमचं नाही चालणार. ६० दातांच्या गिअरसमोर सेन्सर, ६०० आरपीएम. सेकंदाला ६०० पल्स. एक पल्स सुमारे १.७ मिलिसेकंदांची. १० मिलिसेकंदांनी वाचलं तर आकडा येतो, पण तो नुसता जुगार.

मलप्रभा
म्हणूनच बाउन्स गाळण्याचा वेळ चॅनेलगणिक हवा. लिमिट स्विचला १० मिलिसेकंद योग्य. तोच फिल्टर फर्नेसवाल्यांच्या गिअरला लावला तर एकही पल्स दिसणार नाही, कारण सिग्नल १० मिलिसेकंद स्थिर कधी राहतच नाही. पुश बटण, लिमिट स्विच, रिलेचा कॉन्टॅक्ट यांना फिल्टर. प्रॉक्सिमिटीला आत कॉन्टॅक्टच नसतो, त्याला नाममात्र पुरे.

आणि मोजणी वर लिनक्समध्ये करूच नका. कार्डावरच काउंटर ठेवा, ड्रायव्हरनं फक्त आकडा द्यावा. 'काउंटर' हा 'इनपुट'पेक्षा वेगळा प्रकार म्हणून इंटरफेसमध्ये येऊ द्या. मध्ये कुठला बदल कधी झाला हे हवं असेल तर घटना द्या, त्यावर कार्डानं लावलेली वेळ आणि अनुक्रमांक. अनुक्रमांकात खंड पडला तर वाचणाऱ्याला कळतं की बफर भरून काही घटना सांडल्या. लिनक्सच्या जीपीआयओ इंटरफेसच्या दुसऱ्या आवृत्तीत (५.१० कर्नल, २०२०) हे अनुक्रमांक आले, फिल्टरची सोयही त्यातच.

निप्पाणी_नाका
त्या दुसऱ्या आवृत्तीमागचं एक कारण तुम्हालाही उपयोगी पडेल. पहिल्या आवृत्तीत घटनेची रचना होती ८ बाइटची वेळ आणि ४ बाइटचा प्रकार. ३२ बिटच्या इंटेल प्रोग्रॅमला ती १२ बाइटची दिसे, ६४ बिटच्या कर्नलला १६ ची, कारण कंपायलर शेवटी भरणा घालतो. दोघांचं जुळेना. म्हणून तुमच्या रचनांत भरणा स्वतः लिहा, पुढच्यासाठी थोडी जागा राखून ठेवा, आणि त्या राखीव जागेत शून्याखेरीज काही आलं तर ड्रायव्हरनं नाकारावं. नाकारलं नाही तर लोक तिथं कचरा पाठवत राहतात, आणि मग ती जागा कधीच वापरता येत नाही.

टिळकवाडी
इतकं सगळं करण्यापेक्षा कार्डाला मॉडबस हा संवादाचा प्रोटोकॉल द्या आणि मोकळे व्हा. इंटरफेस १९७९ पासून ठरलेला आहे. कॉइल (तिथं आऊटपुटच्या बिटाला कॉइल म्हणतात) वाचा, कॉइल लिहा. एक कॉइल लिहायला चालूसाठी हेक्स एफएफ००, बंदसाठी ००००, बाकी काही पाठवलं तर नकार. मला ती रीत आवडते. तारेवर गडबड होऊन एखादा बिट पलटला तर चुकून चालू होत नाही.

उद्यमबागकर
@टिळकवाडी, वेग? ९६०० बॉडवर १६ इनपुट वाचायचे तर प्रश्न ८ बाइट, उत्तर ७ बाइट. बाइटमागं ११ बिट धरले तर १५ बाइटना साधारण १७ मिलिसेकंद, वर दोन्ही बाजूंची साडेतीन अक्षरांची शांतता, म्हणजे आणखी ८. एका फेरीला २५. प्रेसच्या सायकलला हे मला जड वाटतं.

टिळकवाडी
१,१५,२०० वर चालवा की. आणि ९६०० वर अख्खे कारखाने चालूलेत.

पॅनेलअण्णा
चालूलेत, पण हळू.

रिले_राणी
उलट्या-सुलट्याबद्दल कुणीच बोललं नाही, आणि साइटवर सगळ्यात जास्त भांडणं त्यावरूनच होतात. मी मेंटेनन्समध्ये आहे, चिक्कोडीकडच्या साखर कारखान्यात.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला फक्त 'गेट बंद आहे का' हे कळलं पाहिजे. सेन्सर एनपीएन की पीएनपी (२४ व्होल्ट देणारा), कॉन्टॅक्ट एनओ (एरवी उघडा) की एनसी (एरवी जुळलेला), ही वायरिंगची माहिती. ती कॉन्फिगरेशनमध्ये एकदा लिहावी. प्रोग्रॅममध्ये जागोजागी 'नाही'ची खूण टाकली की सेन्सर बदलला त्या दिवशी अर्धा प्रोग्रॅम बदलावा लागतो, आणि एक जागा हमखास राहते.

पण (हे ड्रायव्हरवाले विसरतात) रात्री दोन वाजता हातात मल्टिमीटर घेऊन उभी असते मी. टर्मिनलवर २४ व्होल्ट दिसतात, स्क्रीनवर लिहिलंय 'बंद'. मी कुणावर विश्वास ठेवू? म्हणून कच्ची किंमतही मिळालीच पाहिजे. स्क्रीनवर दोन्ही शेजारी दाखवा: टर्मिनलवर काय आहे आणि त्याचा अर्थ काय लावला. ती सोय फक्त तपासणीच्या पानावर असली तरी चालेल.

मलप्रभा
राणीताई, +१०००. कर्नलमध्येही सेट करायची दोन फंक्शनं आहेत, एक उलटं-सुलटं सांभाळणारं, एक 'रॉ'. झेफर या लहान बोर्डांच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्येही तसंच.

रिले_राणी
अजून एक. पावसात फील्डचा २४ व्होल्ट सप्लाय ट्रिप होतो. मग सगळे इनपुट शून्य. वरच्या प्रोग्रॅमला वाटतं टाकी रिकामी आहे, तो पंप चालू करतो. टाकी भरलेली असते. 'शून्य' आणि 'माहीत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या 'बिट वाच'मध्ये दुसरीला जागाच नाही.

मधल्या व्होल्टेजचंही तेच. आयईसी ६११३१-२ या मानकाप्रमाणे टाइप १ इनपुटला १५ व्होल्टच्या वर 'चालू', ५ च्या खाली 'बंद'. लांब केबल, ओला जंक्शन बॉक्स, आणि टर्मिनलवर ९ व्होल्ट. आज एक वाचेल, उद्या शून्य.

उद्यमबागकर
हा धागा काढल्याचं सार्थक झालं. राणीताई, म्हणजे वाचल्यावर किंमत आणि 'वैध आहे का' असे दोन मास्क परत द्यावेत?

रिले_राणी
हो. आणि वैध नसेल तर काय करायचं ते प्रोग्रॅमनं ठरवावं. ड्रायव्हरनं गुपचूप शुन्याचं सोंग घेऊ नये.

जुना_आयएसए
सोंगावरून, आऊटपुट वाचण्याचं पण ठरवा. आऊटपुट वाचलं तर काय मिळणार: मी शेवटचं काय लिहिलं ते, की पिनवर खरंच काय आहे ते? एमसीपी२३०१७ सारख्या चिपमध्ये दोन रजिस्टरं आहेत, लॅच वेगळं, पिन वेगळी. शॉर्ट झालेल्या आऊटपुटचं लॅच १ म्हणतं आणि पिन ०. दोन्हींना एकच नाव दिलंत तर कोडवाला एक समजणार आणि फिटर दुसरं.

पॅनेलअण्णा
आणि पिनवर १ असलं म्हणून मोटर फिरूलीय असं न्हवं. कॉन्टॅक्टर (मोटरचा मोठा रिले) चिकटला तर पिन ० आणि मोटर चालू. ते कळायला कॉन्टॅक्टरचा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट वेगळ्या इनपुटला आणावा लागतोय. हुकूम, पिन, मशीन, तिन्ही वेगळं. ड्रायव्हरनं पहिली दोन सांगावीत, तिसरं प्रोग्रॅमनं जुळवावं.

वडगाव_पेठ
अण्णा पीएलसीवरून सुरू झाले आणि आता ड्रायव्हर डिझाइन करूलेत. :)

पॅनेलअण्णा
पीएलसीतलंच सांगूलोय की. पीएलसी स्कॅनच्या सुरुवातीला सगळे इनपुट एकदम उचलतो, त्या चित्रावर प्रोग्रॅम चालवतो, शेवटी आऊटपुट एकदम टाकतो. मधे इनपुट बदलला तरी त्या स्कॅनला दिसत न्हाई. बाळांनो, ते उगाच न्हाई. प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत गेट बंद आणि दहाव्या ओळीत गेट उघडं, असं झालं तर लॉजिकला काय अर्थ? तुमच्या 'बिट वाच'मध्ये हेच होणार.

थंबव्हील (अंक फिरवायच्या) स्विचचं बघ. बीसीडीच्या, म्हणजे एका अंकाच्या, चार तारा. ७ वरून ८ वर गेलं की चारही तारा बदलतात. एकेक बिट वाचत बसलास तर मधेच १५ नाहीतर ० मिळतंय. एकदम वाचलंस तरी स्विचचे चार कॉन्टॅक्ट एकाच क्षणी हलत न्हाईत, म्हणून लागोपाठ दोनदा तेच आलं तरच खरं धर.

मलप्रभा
म्हणजे धागाकर्त्यांच्या भागीदाराचं म्हणणं खरं, कारण मात्र वेगळं. सोळा एकदम वाचायचे ते वेगासाठी नव्हे, सगळे एकाच क्षणाचे असावेत म्हणून.

टिळकवाडी
अवांतर: चॅनेलना नंबर देणार की नावं? आमच्या एका प्लांटमध्ये ड्रॉइंग इंग्रजीत, ऑपरेटर कन्नड, फिटर मराठी, आणि स्क्रीनवर तिन्हींची खिचडी.

रिले_राणी
वायरच्या टोकाला जो फेरूल नंबर आहे तोच द्या. सीमाभागात फेरूलवरून अजून वाद झालेला नाही.

फर्नेसवाला
हा प्रतिसाद फ्रेम करून पॅनेलच्या दारावर लावतो.

निप्पाणी_नाका
विनोद बाजूला, पण उपयोगाचं आहे. डिव्हाइस ट्रीमध्ये (हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये) जीपीआयओ लाइनना नावं देता येतात. तिथं फेरूल नंबर टाका. प्रोग्रॅम नावानं लाइन मागेल. उद्या वायर दुसऱ्या टर्मिनलवर हलवली तर कॉन्फिगरेशनची एक ओळ बदलेल, प्रोग्रॅम तसाच.

आणि हार्डवेअरशिवाय तपासायला जीपीआयओ-सिम वापरा, ५.१७ कर्नलपासून आहे. खोटी चिप तयार होते, खोटे इनपुट हलवता येतात. पोराला तिथं काम करू दे, प्रेसवर प्रयोग नकोत.

उद्यमबागकर
सगळ्यांचं वाचून हे ठरवतोय. मूळ कॉल दोन: 'सगळे इनपुट एका क्षणाचे वाच' (किंमत, वैधता, वेळ असं परत) आणि 'मास्कसह आऊटपुट लिही' (परतावा एरर). एक बिटवाली फंक्शनं राहतील, पण याच दोनांवर बांधलेली. आऊटपुटसाठी 'हुकूम वाच' आणि 'पिन वाच' वेगळे. उघडतानाच चॅनेलगणिक कॉन्फिगरेशन: नाव, उलटं-सुलटं, फिल्टरचा वेळ, पहिली किंमत, सेफ स्थिती. ते सगळं कार्डानं मान्य केलं तरच आऊटपुट सुरू होतील, अर्धवट मान्य नाही. काउंटर आणि घटना वेगळ्या. कच्ची किंमत तपासणीच्या पानासाठी. खाली जीपीआयओ चिप म्हणूनही नोंदवेन, म्हणजे नेहमीची साधनं चालतील, पण वॉचडॉग आणि सेफ स्थिती माझ्या वेगळ्या डिव्हाइस फाइलमधून.

जुना_आयएसए
'परतावा एरर' सोडू नका. लिनक्सच्या जीपीआयओ चिपमध्ये सेट फंक्शनला वर्षानुवर्षं परतावाच नव्हता. थेट रजिस्टरवर लिहिताना चुकतं काय, असा विचार. पण तुमच्यासारखं एसपीआयच्या पलीकडं कार्ड असलं तर लिहिणं चुकतं. २०२५ मध्ये कुठं त्याला एरर परत देण्याची सोय आली.

मलप्रभा
एसपीआयवरून आणखी एक: तुमचा लिहिण्याचा कॉल झोपू शकतो (उत्तराची वाट बघत थांबू शकतो), म्हणजे इंटरप्टच्या आतून वापरता येणार नाही. दस्तऐवजात ते पहिल्या ओळीत लिहा. नाहीतर कुणीतरी घटनेच्या हँडलरमधून आऊटपुट हलवायला जाईल.

वॉचडॉगचा वेळ किती ठेवताय?

उद्यमबागकर
२०० मिलिसेकंद डिफॉल्ट, बदलता येईल. बंद करता येणार नाही.

टिळकवाडी
बंद करता यायला हवं. टेस्टिंगच्या वेळी डिबगरमध्ये थांबलं की सगळं सेफला जाणार, वैताग येतो.

पॅनेलअण्णा
येऊ दे वैताग. बंद करायची सोय दिलास की कुणीतरी बंद करून गावाला जातंय आणि ती तशीच राहत्या. प्रेस आहे ती, खेळणं न्हवं.

आणि इमर्जन्सी स्टॉप, दोन्ही हातांची बटणं, हे तुझ्या ड्रायव्हरमधून न्यायचं न्हाई. सेफ्टी रिलेतून थेट कॉइलची पॉवर तोड. ड्रायव्हरला फक्त 'तुटली' म्हणून कळव.

उद्यमबागकर
ते तसंच आहे अण्णा. दोन हातांचा सेफ्टी रिले वेगळा, अर्ध्या सेकंदाच्या आत दोन्ही बटणं दाबली नाहीत तर सोडतच नाही. ड्रायव्हर फक्त बघतो.

पॅनेलअण्णा
मग ठीक. इनपुटचे कॉमन (सामाईक तारा) कसे ठेवलास? सोळांना एकच?

उद्यमबागकर
आठ-आठ. ऑप्टो दोन्ही दिशांनी चालणारा आहे, म्हणजे एका गटाला एनपीएन, दुसऱ्याला पीएनपी लावता येतं.

रिले_राणी
मग दोन गटांचे सप्लायही वेगळे असू शकतात. एक गेला तर आठच इनपुट अवैध व्हायला हवेत. सप्लाय बघायचा ऑप्टो दोन्ही गटांना दिलाय का?

उद्यमबागकर
एकच आहे. अंतिम सर्किट बोर्ड अजून छपाईला गेलेला नाही, आज रात्री दुसरा घालतो.